उभ्या बायकांचा रकाना

पाळण्याची कडी कुरकुरली. एवढंच, पण दुपारच्या त्या शांततेत मला ते भांडं पडल्यासारखं वाटलं. मी पेन कार्डावर तसंच धरून थांबले. पाळण्याची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती. दोन झोके दिले, तिसरा हलकेच सोडला, तेव्हा कुंदाने दुपट्यात तोंड खुपसलं आणि पुन्हा झोपली. दहा महिन्यांची पोर, पण जूनमधल्या त्या दुखण्यानंतर तिची झोप फार सावध झाली होती.

पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका पसरला होता. कार्ड क्रमांक दोनशे अकरा. शेवटचं.

दुपारी दोन ते साडेतीन एवढाच वेळ माझा असतो. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवून चटईवर आडव्या होतात, पाच वर्षांची माणिक त्यांच्या कुशीत लवंडते, आणि अंधेरीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणाला माझ्याकडून काही नको असतं. त्या वेळात मी सकाळी घरोघर फिरून आणलेली माहिती कार्डांवर उतरवते. डोळे मिटत असतात. अक्षर मात्र बरं येतं. या अक्षरावरच मला हे काम मिळालं.

काम तळपदे डॉक्टरांचं होतं. मद्रासला बोटीतून उतरलेला तो नवा फ्लू सत्तावन सालच्या मे महिन्याच्या शेवटी मुंबईत आला आणि जूनमध्ये उपनगरांत घराघरांत शिरला. शहरातल्या एका संस्थेने डॉक्टरांवर शोध सोपवला होता, की हा ताप कुठल्या जागेत कसा पसरतो. शाळेत कसा, कचेरीत कसा, बाजारात कसा, घरात कसा. शाळा आणि कचेऱ्या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे होत्या. घरं माझ्याकडे, कारण परक्या पुरुषाला सकाळच्या वेळी कोण दार उघडणार? घरात माणसं किती, ताप आधी कुणाला आला, कुठल्या तारखेला, त्याआधीचे तीन दिवस ते माणूस कुठे कुठे गेलं होतं, आणि त्याच्यानंतर कोण, किती दिवसांनी. एवढे रकाने भरायचे.

पहिले दोन दिवस मी कार्डावरचाच प्रश्न जसाच्या तसा विचारत होते. लोक घाबरायचे. म्युनिसिपालटीवाले माणूस उचलून नेतील अशी भीती. मग मी आपल्या घरात बोलतात तसं विचारायला लागले, "तुमच्याकडे आधी अंथरूण कुणी धरलं?" हे म्हटलं की पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि सगळं भडाभडा बाहेर यायचं. डॉक्टर खूश झाले होते. "झकास. असंच विचारत जा, उत्तराबाई."

आमच्या घरचं कार्डही मीच भरलं. क्रमांक सदतीस. यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा कार्डावर लिहिलं. श्यामसुंदर, वय एकतीस, कारकून, रविवार १६ जून. माणिक, वय पाच, रविवार १६ जून. कुंदा, वय नऊ महिने, मंगळवार १८ जून.

त्या मंगळवारनंतरचे सहा दिवस मला अजून नीट आठवत नाहीत. कुंदाची छाती भरली होती. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. तिला मांडीवर उभी धरून मी नुसती तिची नाडी मोजत बसायचे आणि मध्येच आकडा चुकला की पुन्हा एकपासून. सातव्या दिवशी तिने दूध ओढलं.

त्या दिवसांत माई मला काही बोलल्या नाहीत. कुंदा हसायला लागल्यावर बोलल्या. "कोळीवाड्यात काय, झोपड्यांत काय, दारोदार हिंडतेस. अंगावर काय काय घेऊन येत असशील, देवाला माहीत. पोरीच्या जिवावर आलं होतं हे."

तेव्हा मी सदतीस नंबरचं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. यांच्या कचेरीत गुरुवारी सहाजण तापाने पडले होते, रविवारी हे पडले. माणिकच्या वर्गातल्या चार मुली आजारी होत्या, तीही रविवारी पडली. दोघांना दोन वाटांनी आला, आणि त्यांच्याकडून कुंदाला. मी स्वतः आजारी पडलेच नाही, मग मी कुठून आणणार? माईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या, आणि लिहिलेल्याला मान देणाऱ्या. "असं असेल तर असो," म्हणाल्या. माझं काम त्या कार्डावर टिकलं.

मला ते टिकायला हवं होतं. सकाळी नऊ ते बारा मी कुणाची सून नसायचे, हे एक. आणि दुसरं म्हणजे मॅट्रिकनंतर सात वर्षांनी मला कुणीतरी विचारत होतं, तुम्हाला काय वाटतं म्हणून.

गुरुवारी सगळी कार्डं घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. स्टेशनजवळच्या दवाखान्यावर त्यांची माडीवरची खोली, फिनेलचा वास आणि पंख्याखाली उडू नयेत म्हणून औषधाच्या बाटल्यांनी दाबलेले कागद. डॉक्टरांचे डोळे लाल होते. अहवाल सोमवारी जायचा होता.

"हे बघा," ते म्हणाले. "वर्सोव्याच्या कोळीवाड्याची त्रेसष्ट घरं. त्यातल्या एकोणतीस घरांत पहिला आजारी एक नाहीच. दोघं, नाहीतर तिघं, एकाच दिवशी. आता घरातल्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जायला या तापाला दोन दिवस लागतात. मग ही तिघं एकदम कशी पडली?"

"बाहेरून घेऊन आली असतील."

"तेच. एकाच जागेवरून. जूनच्या सुरुवातीला होड्या ओढून वर घेतात, सगळे पुरुष खांद्याला खांदा लावून. मग पावसाळाभर मांडवात जाळी दुरुस्त करत बसतात. पोरं तिथंच खेळतात. मी लिहितोय की मासेमारांच्या वस्तीत प्रसार होतो तो जाळ्यांच्या मांडवात. बाजारात नाही. बाजारात बसतात बायका, आणि त्रेसष्ट घरांत पहिली आजारी बाई फक्त चार ठिकाणी. म्हणजे बाजाराला काही धोका नाही. ठीक वाटतं ना?"

ठीक वाटत होतं. मी मान हलवली.

"तरी उद्या दोन-तीन घरी जाऊन तेवढं पक्कं करून या. मांडवात कोण कोण बसलं होतं ते."

शुक्रवारी सकाळी मी वर्सोव्याला उतरले. होड्या झापांखाली झाकून ठेवलेल्या होत्या. कृष्णाबाईच्या ओट्यावर सुक्या बोंबलांच्या टोपल्या होत्या, त्यांना ओल लागू नये म्हणून ती त्या आत सरकवत होती. पन्नाशीची बाई, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. तिच्या घरचं कार्ड मला पाठ होतं. मुलगा बळवंत आणि त्याची चार वर्षांची मुलगी, दोघंही बुधवारी १९ जूनला.

"काय गो बाय, परत आलीस?" ती म्हणाली. "ताप गेला, पन तू काय जात नाय."

"एकच विचारायचंय मावशी. बळवंत त्या आठवड्यात मांडवात बसायचा ना, जाळ्यांवर?"

"बळवंत? त्याचे पायान खिला घुसलेला होडी ओढताना. आठ दिस उंबऱ्याभायेर पडला नाय. हितंच बसून मना हुकूम सोडी."

"आणि मुलगी?"

"ती बापाचे मांडीवर. दुसरं कुठं?"

मी कार्ड हातात घेऊन उभी राहिले. "मग मावशी, दोघंही घरातच होती. घरात ताप आणला कुणी?"

"देव जाने."

आत चुलीपाशी तिची सून सगुणा तांदूळ धूत होती. ती तिथूनच म्हणाली, "देव कशाला? आयनी आनला."

"गप गो तू."

"गप काय. सोमवारी डोक्याला फडका गुंडालून बाजारान गेली नाय तुमी? दात वाजत व्हते. शेजारची भामी बोलली, हिचे कपालावर बोंबील ठेव, भाजून निघल." सगुणा स्वतःच हसली. "संध्याकाली पाटी उतरवताना माझे अंगावरच पडली."

"पाय घसरला माझा," कृष्णाबाई म्हणाली.

"मावशी, म्हणजे तुम्हाला सोमवारीच ताप होता. बळवंतच्या दोन दिवस आधी."

"व्हता ना. हाडां मोडून निघाली."

"मग मागच्या वेळी तुम्ही मला सांगितलं नाहीत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं ही आता मला माझंच वय विचारणार. "तू इचारलंस कंदी? तू इचारलंस आथरून कोनी धरलं. बळवंतनी धरलं. मी कुठं आजारी व्हते? मी तर बाजारान बसलेली. आजारी असते तर घरान निजले नसते?"

"आणि सगुणा, तू?"

"मना बी बुधवारीच. भात रांधला तो बसून रांधला. नायतर मी उभ्याने रांधते."

मी ओट्यावर बसले. कृष्णाबाईने पाणी दिलं. तिला वाटलं, मला ऊन लागलं. ऊन नव्हतंच.

त्यानंतर मी पाच घरं केली. मांडवाचं नाव काढलं नाही. बायकांना बाजूला घेऊन वेगळंच विचारलं. पडलात का असं नाही. त्या दिवसांत अंग दुखलं का, कणकण होती का, उभ्या असलात तरी. पाचही घरांत तेच. घरातल्या बाईला दोन दिवस आधी. एकीने ताप अंगात असताना सहा हंडे पाणी भरलं होतं. एकीला स्वतःलाच आठवत नव्हतं, तिच्या जावेने आठवण दिली. भिकाजी म्हणून एक म्हातारा दारात बसला होता, तो म्हणाला, "आमचे बायकोला काय झालेलं नाय, ती कंदी आजारी पडतच नाय," आणि त्याची बायको त्याच्यामागे उभी राहून मला बोटांनी दाखवत होती, तीन दिवस. मग ओटी पुसता पुसता ती म्हणाली, "मना वाटलं वडाचे उपासानी झालं."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. एरवी मी अशा वेळी झोपून घेते. त्या दिवशी झोप आली नाही, कारण त्या बाईचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना.

वटपौर्णिमा बुधवारी होती, १२ जूनला. आमच्या गल्लीच्या टोकाला देवळामागे वड आहे. सकाळी आम्ही तीस-चाळीस जणी तिथे, एकमेकींच्या खांद्यावरून सूत पुढे देत. शेजारची मृणालिनी माझ्या मागे होती आणि तिला खोकला झाला होता; सूत धरून खोकायची आणि मग हसायची, "सात जन्म काही माझ्याच्याने होत नाहीत, गं." मग आंबे आणि गहू घालून एकमेकींच्या ओट्या भरल्या. दिवसभर पोटात काही नाही. डॉक्टरांच्या यादीत शाळा होती, कचेरी होती, बाजार होता. वड नव्हता. तो कुणाला सुचलाच नव्हता, मलाही नाही, आणि मी तर तिथे उभी होते.

त्यानंतरचा शुक्रवार. मी पाट्यावर चटणी वाटत होते आणि मध्येच भिंतीला कपाळ लावून बसले होते. भिंत गार लागत होती, फार बरी वाटत होती. उपास बाधला, पित्त झालं, असं स्वतःलाच सांगितलं आणि कोकमाचं सरबत करून प्यायले. मग कामावर गेले. आले, कपडे धुतले. कुंदा त्या दिवशी किरकिरत होती म्हणून तिला उरलेला दिवस अंगाशी धरलं. माझं अंग गरम होतं आणि तिला ते आवडत होतं. ती माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपली होती. ते मला आता इतकं स्पष्ट आठवलं की बसमध्ये मी गळ्याला हात लावला.

शुक्रवार १४. रविवार १६ ला दोघं एकदम. सदतीस नंबरच्या कार्डावर मी ज्यांना दोन वाटा करून दिल्या होत्या, ती दोघं. आणि मंगळवारी कुंदा.

संध्याकाळी हे आले. चहा पुढे ठेवला आणि माई देवळात गेल्या होत्या तेवढ्यात सांगून टाकलं. यांनी सगळं ऐकून घेतलं. हे नेहमी ऐकून घेतात, ते एक बरं आहे.

"तू कुठे पडली होतीस?" हे म्हणाले.

"पडले नव्हते."

"मग?"

"तोच तर घोटाळा आहे, अहो. बायकांतलं कुणीच पडलं नव्हतं."

हे बशीतला चहा फुंकत राहिले. "हे बघ, तो अहवाल कुठल्यातरी कपाटात जाणार. कोण वाचणार आहे? आणि माईला काय सांगशील? ते कार्ड बघून तर ती गप्प बसलीये. आता तूच म्हणालीस की तूच आणलास, तर संपलं. दुसऱ्या दिवसापासून घरी."

"माहीत आहे."

"आणि मला एक सांग, त्या शुक्रवारी तू मला का नाही बोललीस?"

"तुम्ही घाईत होता. आणि काय बोलायचं? अंग दुखतं म्हणून?"

यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुला वाटेल तसं कर. मी माईच्या बाजूने बोलणार नाही, एवढं नक्की." पण माझ्या बाजूने बोलेन असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत गेले तेव्हा ते शेवटचं पान लिहीत होते.

"डॉक्टर, मांडवाचं खरं नाही. बळवंत मांडवात गेलाच नव्हता. ताप बायकांना आधी आला होता. त्या आडव्या झाल्या नाहीत म्हणून कार्डावर आल्या नाहीत."

"किती घरांत?"

"मी काल सहा घरी विचारलं. सहाच्या सहा. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण जिथे जिथे दोघं-तिघं एकाच दिवशी पडलीत, तिथे तिथे आधी कुणीतरी उभं असणार."

त्यांनी पेन ठेवलं. "म्हणजे बाजार."

"बाजार. किंवा पाण्याचा नळ. किंवा वड."

"वड?"

मी त्यांना वड सांगितला. ते बराच वेळ पुढचे कागद उगाच सरळ करत होते. मग थोडे चिडले. ते चिडलेले मी पहिल्यांदा पाहिले. "दोनशे अकरा कार्डं, उत्तराबाई. सात आठवडे. तुम्ही तेव्हाच नीट का विचारलं नाही?"

"मला वाटलं मी नीटच विचारतेय. तुम्हालाही तसंच वाटलं." हे मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. त्यांनाही तसं लागलं नाही बहुधा. मी पुढे म्हणाले, "आणि सदतीस नंबर बदलायचाय. आमचं घर. पहिली आजारी मी. शुक्रवार, १४ जून."

"तुम्ही? तुम्ही तर रोज कामावर येत होता."

"हो. त्या शुक्रवारीसुद्धा आले होते. सकाळी अकरा घरं केली. मग इथे येऊन कार्डं दिली तुम्हाला."

डॉक्टरांनी खुर्ची जराशी मागे सरकवली. सहा आठवडे उलटून गेल्यावर. त्यांचं त्यांनाच लक्षात आलं आणि त्यांनी ती पुन्हा पुढे घेतली. मी मात्र त्या अकरा घरांचा विचार करत होते. कुणाकडे पाटावर बसले होते, कुणाचं रडणारं मूल घटकाभर घेतलं होतं. त्या घरांत पुढे कोण कोण पडलं, त्याची कार्डं माझ्याच अक्षरात होती. ती मी अजून उघडून पाहिलेली नाहीत. पाहावी लागतील.

"अहवाल सोमवारी जात नाही," डॉक्टर शेवटी म्हणाले. "मी कळवतो त्यांना. सगळी घरं पुन्हा करावी लागतील. फक्त बायकांना विचारायचं. पुरुष समोर नसताना."

"चार आठवडे लागतील."

"जमेल तुम्हाला?"

याचं उत्तर घरी होतं, चटईवर.

घरी आले तेव्हा माई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माणिक त्यांच्यासमोर पाटीवर घर काढत होती, कुंदा पुसलेल्या फरशीवर पोटावर सरकत होती. मी हातपाय धुतले, लुगडं बदललं, आणि कार्ड घेऊन त्यांच्याजवळ बसले. जुनी ओळ खोडून मी वर नवी लिहिली होती.

"हे काय?"

"आपलं कार्ड. मी चुकीचं भरलं होतं. दुरुस्त केलं."

त्यांनी चष्मा शोधला नाही. "वाच."

मी वाचलं. उत्तरा, वय चोवीस, शुक्रवार १४ जून. मग पुढची नावं. कुंदाचं शेवटी वाचलं. "वडावरून आणला की वर्सोव्यावरून ते कळायला आता मार्ग नाही," मी म्हणाले. "पण घरात आणला तो मी. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं."

माई खडे वेचत राहिल्या. एक, मग आणखी एक. मला वाटत होतं, आता बोलतील, आता म्हणतील, उद्यापासून बंद. मी त्यासाठी तयार होऊनच आले होते.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुला ताप होता ते. त्या शुक्रवारी कुंदाला माझ्याकडे देताना तुझा हात लागला. तव्यासारखा होता."

"मग बोलला का नाहीत, माई?"

"बोलून काय व्हायचं होतं? माझे गुडघे त्या आठवड्यात धरलेले. तू आडवी झाली असतीस तर स्वैपाक कुणी करायचा? म्हटलं, ढकलतेय तर ढकलू दे." त्यांनी सूप जरा पाखडलं. "पोरीला तुझ्याकडून काढून घ्यायला हवी होती. ते सुचलं नाही. सुचलं असेलही. ती रडली असती, मला उचलवत नव्हती."

एवढ्या दिवसांत एवढं त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या, आणि मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं त्यांच्या शेजारी तसंच बसून राहावंसं वाटलं.

"पुन्हा सगळी घरं करायची आहेत," मी म्हणाले. "दोनशे अकरा. चार आठवडे."

"आणि विचारणार काय?"

"उभ्या होतात तेव्हा ताप होता का."

"विचारून त्या काय उद्यापासून झोपणार आहेत?"

"नाही."

"मग?"

"निदान लिहिलेलं तरी असेल."

माईंनी सूप बाजूला ठेवलं आणि कुंदाला, गुडघे दुखत असताना, दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतलं. "नऊला जायचं ते बाराला ये. साडेबारा नाही," त्या म्हणाल्या. "आणि आल्यावर आधी कपडे बदल. आजच्यासारखे."

मी हो म्हटलं. कार्ड वाळलं होतं, ते बसल्या बसल्याच पिशवीत ठेवलं. माणिकने पाटीवरचं घर पूर्ण केलं होतं. घरात तिने चार माणसं आडवी काढली होती आणि एक उभं. ती कधीपासून ऐकत होती कोण जाणे. पेन्सिल दातात धरून तिने आधी माईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून जवळ आली आणि तिचा लहानसा, पाटीच्या धुळीने मळलेला तळहात माझ्या कपाळावर ठेवला, मी तिच्या कपाळावर ठेवते तसा. थोडा वेळ ठेवून वाट पाहिली.

"आई," ती म्हणाली, "तुला ताप आला की आम्हाला कसं कळतं?"